वशिल्याचा फोटो

माझं काम पाणी पाजायचं. सांगितलं की लोक हसतात, हसू देत. सीटी स्कॅनच्या केंद्रात पोटाचा फोटो काढायला आलेल्या माणसाला मी लिटरची बाटली आणि कागदी पेला देते, भिंतीवरचं घड्याळ दाखवते आणि सांगते, तासाभरात ही संपवायची आणि फोटो होईपर्यंत लघवीला जायचं नाही. ह्या एवढ्याशा कामात माझी एकोणीस वर्षं गेली. तहानलेल्याला पाणी पाजलं की पुण्य लागतं म्हणतात. माझ्याकडे येतात त्यांना तहान नसते, त्यामुळे माझ्या वाट्याला शिव्याच येतात.

अर्धा तास झाला की माणसं पायावर पाय टाकून बसतात. मग उभी राहतात. मग माझ्यापाशी येऊन कानात सांगतात, मावशी, थोडंसंच जाऊन येतो. थोडंसं कसं जाणार? नळ आहे का तो, अर्धा फिरवून बंद करायला? एकदा एक बडे साहेब आले होते, बाहेर गाडी, हाताखाली माणसं. तेही रडकुंडीला आले. मी संडासाच्या दाराला पाठ लावून उभी राहिले आणि म्हटलं, साहेब, आत गेलात तर पुन्हा पहिल्यापासून लिटरभर. मुकाट बसले. माझ्यामागे सगळे मला जेलर म्हणतात हे मला ठाऊक आहे. तोंडावर म्हणायची एकाची टाप नाही.

हे कशासाठी करायचं ते आमच्या डॉक्टरबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं होतं. फोटो बघून रिपोर्ट लिहितात त्या ह्या बाई. त्या म्हणाल्या, लघवीची पिशवी रिकामी असली की घडी घातलेल्या कापडी पिशवीसारखी असते, आत काय चिकटलंय ते दिसत नाही. भरली की ताणून गोल होते, आणि मग आतलं बारीकसं बोंडही लपत नाही. मला ते पक्कं समजलं. पुढे हजारो लोकांना मी तेच ऐकवलं. तेव्हा मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

असो. माझं पुराण पुरे. सांगायचंय ते दादाबद्दल.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बाप गेला तेव्हा तो पंधराचा होता. शाळा सुटली आणि कापड रंगवायच्या कारखान्यात लागला. आधी झाडू, मग रंगाच्या पुडीची पोती वाहणं, मग मशिनीवर, आणि शेवटी डाईंग मास्तर. मास्तर म्हणजे गिऱ्हाइकाने जो तुकडा आणून दिला असेल, अगदी त्याच छटेचं हजार मीटर कापड रंगवून द्यायची जबाबदारी ज्याची तो. दादाचा डोळा असा होता की पुढे कारखान्याने छटा मोजायचं यंत्र आणलं, तरी पोरं आधी तुकडा दादाला दाखवायची. तो खिडकीपाशी धरायचा आणि म्हणायचा, पिवळा चिमूटभर कमी आहे. पाव तासाने यंत्र तेच सांगायचं. तोपर्यंत दादा चहा प्यायला निघून गेलेला असायचा. यंत्राशी वाद घालायला तो कधी थांबला नाही.

माझा शाळेचा गणवेश दोन वर्षांत विटायचा. नवा घ्यायची ऐपत नव्हती. दादा तो कारखान्यात न्यायचा आणि जो निळा लॉट चालू असेल त्यात टाकायचा. आमच्या वर्गात पैसेवाल्यांच्या पोरी फिकट कपड्यात आणि मी कडक निळी. एकदा निळा लॉट नव्हताच, आणि ह्या शहाण्याने मोरपिशी करून आणला. मी त्यात शाळेत गेले. बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं आणि मी चार दिवस दादाशी बोलले नाही. पाचव्या दिवशी तो आईला म्हणाला, "घरात एवढी शांतता कधी नव्हती, तिला दर महिन्याला मोरपिशी करून आणतो." मी हसले आणि सगळं मुसळ केरात गेलं.

त्याच्या नखांवरून आम्हाला कळायचं की ह्या आठवड्यात कोणता रंग चाललाय. वहिनीला बघायला गेला तेव्हा हिरवा चालला होता. तिच्या काकाने आमच्या काकाला बाजूला घेऊन विचारलं, मुलाला काही आजार तर नाही ना? आमच्या काकाने सांगितलं, मुलगा सोन्यासारखा आहे, फक्त हिरवा आहे. वहिनी ते ऐकून हसली, आणि जमलं. मूल मात्र झालं नाही त्यांना. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. त्यामुळे आम्ही तिघंच एकमेकांना. मी राहायला वेगळी, पण सुट्टीचं जेवण त्यांच्याकडे.

आता रंगवाल्यांची एक गोष्ट सांगायला हवी, घाण वाटली तरी. रंगाची पुडी हवेत उडते. नाकात जाते, तोंडात जाते, कोपरापर्यंत हात त्यातच असतात. आणि संध्याकाळी ती लघवीतून निघते. पिवळी, केशरी, कधी चक्क गुलाबी. कारखान्यातले जुने लोक नव्यांना सांगायचे, आज कोणता लॉट आहे ते फळ्यावर कशाला बघता, मुतारीत बघा. मोठ्याने हसायचे. दादा घरी येऊन सांगायचा आणि आम्हीही हसायचो. कापडाला जो रंग धुऊन जात नाही तो माणसाच्या पोटात राहून काय करत असेल, हा विचार एकाही शहाण्याच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही, आणि मी तर दवाखान्यातली म्हणवते.

एकोणचाळीस वर्षं हे झाल्यावर एक दिवस लघवी लाल झाली. त्या आठवड्यात मरून रंग चालू होता. दादा म्हणाला, मरून आहे. मग तो लॉट संपला, निळा लागला, लाल काही थांबेना. म्हणाला, जुनी पुडी अंगात साठलेली असते, हळूहळू निघते. तीन महिने हे असं. शेवटी एकदा पाणी टाकायला विसरला आणि वहिनीने बघितलं. वहिनी कधी स्वतःहून मला कामाच्या वेळी फोन करायची नाही. तिने केला आणि म्हणाली, "ताई, ह्यांना लघवीतून रक्त जातंय, आणि हे मला रंग म्हणून सांगताहेत."

मी रजा टाकून त्याला डॉक्टरकडे नेलं. रस्त्यात त्याच्यावर तोंड सोडलं. केसाएवढा फरक ओळखणारा माणूस तू, तुला रक्त ओळखता येत नाही?  तो म्हणाला, "ओळखलं होतं. पहिल्याच दिवशी. तसा लाल आमच्याकडे कुणाला जमत नाही." म्हणजे हा तीन महिने घाबरून गप्प होता आणि आम्हाला मरूनच्या गोष्टी सांगत होता.  माझा राग गेला.

डॉक्टरांनी विचारलं, काम काय करता. दादाने सांगितलं. किती वर्षं, तर एकोणचाळीस. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि त्याच्या नखांकडे बघितलं. म्हणाले, लघवीची तपासणी करा, सीटी काढा आणि सीटी स्वच्छ आली तरी माझ्याकडे या, मला दुर्बिणीने आतून बघायचंय. सीटी स्वच्छ आली तरी, हे शब्द मी ह्या कानांनी ऐकले. दादाने विचारलं, दुर्बीण कुठून घालणार? डॉक्टरांनी सांगितलं. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, मेलो तरी बेहत्तर, ते होणार नाही. मी म्हटलं, आधी फोटो तर काढू.

मग तो फोटोचा दिवस.

माझ्याकडे बाकावर अकरा माणसं होती, बाटल्या घेऊन. दादा दहाला आला. अर्ध्या दिवसाची रजा होती आणि दोन वाजता एका मोठ्या लॉटची छटा बघायला त्याला कारखान्यात उभं राहायचं होतं. मागच्या दाराने आला, कारण मीच तसं सांगितलं होतं. आत बघितलं, माणसं मोजली, आणि मला म्हणाला, "बघू तरी, तुझी इथे वट किती आहे."

गंमतीने म्हणाला. पण मला ते लागलं, आणि आवडलंही. सतरा वर्षं मी तिथे होते तेव्हा. घरात कुणी ह्याला नोकरी म्हणत नव्हतं. दादा लोकांना सांगायचा, आमची ही दवाखान्यात असते, आणि पुढे काय करते ते सांगायचं टाळायचा. आज तो माझ्या दारात आला होता आणि माझी वट विचारत होता. मी फुगले. ज्या बाईने बड्या साहेबांना हलू दिलं नव्हतं तिने आपल्या भावाला म्हटलं, चल, तुला कशाला बसायला हवं.

त्याला लघवीला जायचं होतं. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर लाल थेंब पडला तर, ह्याची त्याला लाज वाटत होती. मी म्हटलं, जा, मोकळा होऊन ये. मीच म्हटलं. जाऊन आला, आणि दोन पेशंटांच्या मधे मी त्याला आत घातला. आमचा ऑपरेटर सरळ माणूस आहे, मशीन चालवतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याने नेहमीसारखं विचारलं, "मावशी, पाणी झालं?"

मी म्हटलं, "झालं."

त्याने पुन्हा विचारलं नाही. सतरा वर्षांत त्याला पुन्हा विचारायची गरज पडली नव्हती.

मग हाताच्या शिरेतून औषध दिलं. ते अंगात पसरतं आणि फोटोत पांढरं दिसतं. दादाला सांगितलं तर आडवा पडल्या पडल्या म्हणाला, जन्मभर मी कापडं रंगवली, आज मला रंगवा, फक्त पक्का रंग नको. ऑपरेटर हसला. पहिले फोटो झाले. आता पाव तास थांबायचं असतं, औषध पिशवीत उतरलं की पुन्हा फोटो घ्यायचे असतात. हेही मला ठाऊक होतं. पण तेवढ्यात अपघाताचा पेशंट ट्रॉलीवरून आला. ऑपरेटर म्हणाला, तुमच्या भावाला बाहेर बसवा, ह्याचं झालं की घेतो. दादाने घड्याळ बघितलं. मी ऑपरेटरला विचारलं, आतापर्यंतचं कसं दिसतंय? तो घाईत पडद्याकडे बघून म्हणाला, मूत्रपिंडं छान आहेत, खडा नाही, स्वच्छ वाटतंय. मी म्हटलं, मग सोडू का त्याला? तो ट्रॉलीकडे वळला होता, त्याने हात हलवला. तो हात होय म्हणाला की थांबा, ते मी त्याला कधी विचारलं नाही.

वीस मिनिटांत दादा मोकळा. बाकावरचे अकरा जण पोटं धरून बसले होते आणि माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होते. जाताना दादाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझी शाळा सुटल्यापासून त्याने असा हात ठेवला नव्हता. मी दिवसभर हवेत होते.

ओळखीचा चोर जीवे न सोडी म्हणतात. आपल्याला वाटतं, ती म्हण दुसऱ्यांसाठी आहे.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, तीन पानांचा. मी तो वाचला नाही, मला त्यातली भाषा कळत नाही. खडा नाही, सूज नाही, एवढं खालच्या ओळींतून कळतं, कारण तेच शब्द रोज दिसतात. त्याच्या आधीच मी दादाला फोनवर सांगून मोकळी झाले होते, काही नाही रे, स्वच्छ आहे. आमच्यासारख्या लोकांची हीच खोड. आत काम करतो म्हणून दारात ऐकलेला शब्द आम्हाला रिपोर्ट वाटतो. पाकीट मी घरी नेऊन दिलं. वहिनीने ते कपाटात इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलं. डॉक्टरांनी बोलावलंय, मी एकदा म्हटलं. दादा म्हणाला, तूच सांगितलंस ना स्वच्छ आहे? मग डॉक्टर काय मुद्दाम घाण शोधणार? दुर्बीण टळली म्हणून तो इतका खूश होता की मीही हसले. आणि तो आजार लबाड असतो. महिनाभरात रक्त आपोआप थांबलं. मग सगळ्यांचीच खात्री पटली.

रक्त मधूनमधून यायचं, जायचं. दादा सांगायचा नाही आणि वहिनी विचारायची तर म्हणायचा, सीटी काढलीय ना? सीटी हा शब्द त्याच्या खिशात परवान्यासारखा होता.

चौदा महिन्यांनी लघवी बंद झाली. रक्ताच्या गाठी अडकल्या होत्या. पोट दगडासारखं झालं आणि तो मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत ओरडत होता. ज्याने आवाज चढवलेला मी कधी ऐकला नव्हता तो दादा. नळी घातली, गाठी धुऊन काढल्या, आणि सीटीसाठी आमच्याकडेच पाठवला. ह्या वेळी सगळं रीतसर झालं. मी ऑपरेटरच्या मागे उभी होते. पिशवी पांढरीशुभ्र भरलेली दिसली आणि तिच्या डाव्या भिंतीवर लिंबाएवढा गड्डा, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा. मला फोटो वाचता येत नाहीत, पण एवढं दिसतं.

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी जुना फोटो काढून शेजारी लावला. खूप वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मागच्या वेळी पिशवी रिकामी होती, आणि नंतरचे फोटोच नाहीत. मी स्पष्ट लिहिलंय, पिशवी भरलेली नाही, काही सांगता येत नाही, पुन्हा काढा. कुणी तयारी केली होती ह्यांची?"

ऑपरेटरने माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघत होते.

"माझी चूक, बाई," तो म्हणाला. "त्या दिवशी घाई होती."

त्याला लेखी ताकीद मिळाली. मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी चहा घेऊन गेले, तर त्याने तो तसाच ठेवला आणि गार होऊ दिला. तेव्हापासून तो मला विचारत नाही. माझ्यासमोर पेशंटला विचारतो, पाणी प्यायलात का, किती प्यायलात, लघवीला गेलात का. बरोबरच करतो.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं की गाठ पिशवीच्या भिंतीत खोल गेलीय, सबंध पिशवी काढावी लागेल. मी एकदाच विचारलं, आधी कळलं असतं तर? ते म्हणाले, लहान असते तेव्हा दुर्बिणीतून खरवडून काढता येते, पिशवी वाचते, माणूसही बहुतेक वाचतो. ही किती दिवसांची असेल, विचारलं. वर्ष-दीड वर्ष तरी, म्हणाले. वहिनी शेजारी बसली होती. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, ताई, तुम्ही तर तेव्हाच फोटो काढला होता, मशीनला दिसलं नाही त्याला तुम्ही काय करणार. मी तिच्या हातातून हात सोडवून घेतला आणि पाणी प्यायला गेले.

पिशवी काढली. पोटाला भोक पाडून बाहेर प्लास्टिकची पिशवी लावली, त्यात लघवी जमायची. ज्याला चादरीवर थेंब पडायची लाज वाटत होती, त्याची पिशवी आता वहिनी दिवसातून चार वेळा रिकामी करायची. दादाने पहिले पंधरा दिवस भिंतीकडे तोंड केलं. मग एक दिवस ती पिशवी खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाला, फिका पिवळा, नमुन्याला जुळतोय, लॉट पास. वहिनी रडली. मी हसायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही. कारखान्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि आभाराचं पत्र. चाळीस वर्षं पुडी खाऊ घातली, वर घड्याळ. आता तिथे नव्या पोरांना तोंडाला बांधायला जाळ्या दिल्यात म्हणे, आणि पोत्यांवर कवटीचं चित्र असतं. देणाऱ्यांना तेव्हाही कळत असणार. आम्हीच मुतारीत हसत होतो.

सात महिन्यांनी कंबर दुखायला लागली. हाडांत पसरलं होतं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी न्या म्हणजे काय ते मी रोज दुसऱ्यांच्या बाबतीत बघते.

तोवर माझं खाणंपिणं तुटलं होतं. लोकांना वाटायचं भावाच्या काळजीने झुरतेय. काळजी होतीच, पण त्याच्याखाली ती दुसरी गोष्ट होती, आणि ती घेऊन मी त्याच्यासमोर बसायचे, त्याचे पाय चेपायचे, आणि तो म्हणायचा, बस झालं, तू दमलीस. आलेल्या-गेलेल्याला वहिनी सांगायची की ताईंनी जिवाचं रान केलं. मला प्रत्येक वेळी वाटायचं की ओरडावं. तो जायच्या आधी त्याला सांगितलं नाही तर मी पुढे कुणाच्या तोंडाकडे बघू, एवढंच डोक्यात फिरायचं. आणि सांगितलं तर तो जाता जाता बहीणही गमावणार, हेही कळत होतं. खरं सांगू, मला त्याचं भलं करायचं नव्हतं. मला मोकळं व्हायचं होतं.

एका दुपारी वहिनी औषधं आणायला गेली. दादा खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून होता. मी सगळं सांगितलं. पाणी दिलं नाही, पाणी झालं असं खोटं सांगितलं, नंतरचे फोटो मीच सोडायला लावले, रिपोर्टात लिहिलं होतं ते कुणाला वाचायला लावलं नाही, आणि बिचाऱ्या ऑपरेटरने ते स्वतःवर घेतलं तेव्हाही मी गप्प बसले. काही गाळलं नाही. तो खिडकीबाहेर बघत होता. समोरच्या इमारतीत कुणीतरी कपडे वाळत घालत होतं.

त्याने विचारलं, "मला रांगेत बसवलं असतंस तर किती वेळ लागला असता?"

मी म्हटलं, "सगळं धरून अडीच तास."

त्याने मनातल्या मनात हिशेब केला. ओठ हलताना दिसले. दहाला आलो होतो, म्हणाला. साडेबारा. कारखाना तिथून अर्ध्या तासावर.

"म्हणजे दोनच्या लॉटला तरीही पोचलो असतो," तो म्हणाला.

मी त्याचे पाय धरले. त्याने ते आखडून घेतले, जेवढे घेता येत होते तेवढे.

"माफी मागू नकोस," तो म्हणाला. "मला ते जमणार नाही. आहे तेवढा वेळ त्यात घालवायचा नाही मला." मग त्याला धाप लागली. मी पाण्याचा पेला पुढे केला तर त्याने मानेनेच नको म्हटलं. जरा वेळाने बोलला तो कामातल्या आवाजात, लॉटवरच्या माणसाला सूचना द्यावी तसा. "हिला ह्यातलं काही कळू द्यायचं नाही. कधीच नाही. तू सुटशील म्हणून सांगशील, आणि ही कुठे जाईल? माझ्यामागे तिला दुसरं कोण आहे?"

खाली दाराचा आवाज झाला, वहिनी जिना चढत होती. दादाने तोंड पुसलं, उशीवर नीट बसला, आणि ती आत आल्यावर तिला म्हणाला की ताईला चहा टाक, केव्हाची बसलीय.

त्यानंतर तो बारा दिवस होता. माझ्याशी बोलायचा, कामापुरतं. दिवा लाव, खिडकी बंद कर. डोळ्याला डोळा देऊन एकदाही नाही.

त्याला जाऊन आता आठ महिने झाले. वहिनी माझ्याकडे राहते. सकाळी मला डबा भरून देते. मला जड काम करू देत नाही. तिच्या माहेरच्यांचे फोन येतात तेव्हा ती आतल्या खोलीत जाऊन बोलते, पण घर लहान आहे, सगळं ऐकू येतं. नणंद नाही हो, देव आहे, असं सांगत असते. रात्री जेवताना एकदा तरी तिचं ठरलेलं वाक्य येतंच. काल भाकरी मोडता मोडता म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांना तेव्हा लगोलग नेलंत, एक मिनिट बसू दिलं नाहीत, म्हणून निदान दोन वर्षं तरी मिळाली मला."

मी म्हटलं, जेव, गार होतंय.